नागपुरात उतरून भाड्याची गाडी ताब्यात घेताना

नागपूरच्या विमानतळावर उतरणाऱ्या बऱ्याच जणांना नागपुरात काही कामच नसतं. कोणाला पेंचला जायचं असतं, कोणाला ताडोब्याला, कोणाचा मुक्काम सेवाग्रामला, कोणाच्या घरचं लग्न वरोऱ्याला. ड्रायव्हरची टॅक्सी चार दिवस ठेवायची तर त्याचा भत्ता, त्याचं जेवण, त्याच्या झोपण्याची सोय. म्हणून मग सेल्फ ड्राइव्ह. गाडी सोनेगावला विमानतळाबाहेर आणून देतात, तुम्ही सही करता, किल्ली घेता आणि वर्धा रोडला लागता. सही आणि किल्ली यांच्या मधली वीस मिनिटं इथे महत्त्वाची. बहुतेक जण ती पाच मिनिटांत उरकतात, कारण विमान उशिरा आलेलं असतं, पोरं भुकेली असतात आणि गाडी घेऊन आलेल्या पोट्ट्याला पुढची गाडी द्यायला जायचं असतं.

पहिली नजर नंबर प्लेटवर. केंद्र सरकारच्या १९८९ च्या 'रेंट अ कॅब' योजनेखाली परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट मिळणारी टॅक्सी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे कोणाची तरी घरची गाडी. इलेक्ट्रिक असेल तर पाटी हिरवी, त्यावर पिवळी अक्षरं असली तर भाड्याची आणि पांढरी असली तर घरगुती. १९८९ च्या त्या योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्या दाखवाव्या लागतात. लहान एजन्सीवाल्याच्या आवाक्यातलं हे काम नाही, त्यामुळे तो पांढऱ्या पाटीची गाडी देतो आणि वर सांगतो, "कोणी विचारलं तर मित्राची आहे म्हणा साहेब, काही नाही होत."

पोलिसाने अडवलं नाही तर खरंच काही होत नाही. अडचण अपघातात येते. खाजगी गाडीच्या विमा पॉलिसीत 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' नावाचं कलम असतं आणि त्यात 'हायर ऑर रिवॉर्ड'साठी, म्हणजे पैसे घेऊन वापरायला दिलेली गाडी, स्पष्टपणे वगळलेली असते. विमा कंपनीचा सर्व्हेअर हाच प्रश्न आधी विचारतो. तुमच्या यूपीआयवर एजन्सीला भाडं दिल्याची नोंद असते, मालकाशी तुमचं नातं काही नसतं, आणि क्लेम तिथेच अडतो. मग दुरुस्तीचं बिल कोणाच्या गळ्यात पडणार, हे तुम्ही सही केलेल्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं. भाड्यात पाचशे रुपये वाचतात म्हणून पांढरी पाटी घेऊ नये, असं आमचं सरळ मत आहे.

पाटीचा रंग बघून झाला की फोनवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. गाडीचा वर्ग, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, फिटनेस कधीपर्यंत हे सगळं एका पानावर दिसतं. यातली एखादी तारीख उलटून गेलेली दिसली तर 'रिन्यूला टाकलंय' हे उत्तर ऐकून घेऊ नका, दुसरी गाडी मागा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर जुनी थकलेली चलानंही दिसतात, त्यासाठी गाडीच्या नंबरासोबत चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. ते आरसीवर असतात. जुन्या चलानांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. गाडी परत दिल्यावर आठवड्याने डिपॉझिटमधून कापलेलं चलान तुमचं की आधीच्या गिऱ्हाइकाचं, हा वाद त्या एका फोटोवर मिटतो.

तुमच्या बाजूने लायसन्स आणि आधार लागतं. डिजिलॉकरमधलं लायसन्स कायद्याने चालतं, पण गाडी देणारे काही जण मूळ कार्ड बघितल्याशिवाय किल्ली देत नाहीत, तेव्हा कार्ड सामानात टाकून चेक-इन करू नका. लायसन्सवर हलक्या वाहनाचा, एलएमव्हीचा शिक्का हवा. जोडीने चालवणार असाल तर दुसऱ्या चालकाचं नाव करारात घालून घ्या. नाव नसलेला माणूस स्टिअरिंगवर असताना गाडी ठोकली तर करार मोडला असं धरतात. परदेशी लायसन्सवर आलेल्या पाहुण्यांनी बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यावं, कारण बऱ्याच ॲपमध्ये भारतीय लायसन्सशिवाय पुढचं पानच उघडत नाही.

डिपॉझिट कंपनीच्या खात्यावर द्या, गाडी आणणाऱ्याच्या स्वतःच्या नंबरवर नाही. यूपीआयच्या शेऱ्यात गाडीचा नंबर आणि 'डिपॉझिट' एवढे दोन शब्द टाका. परत किती दिवसांत मिळणार, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आता खुद्द गाडी. नुकती धुतलेली, अजून ओली असलेली गाडी समोर आली तर खूश होऊ नका. पाण्याच्या थराखाली बारीक ओरखडे दिसत नाहीत. मे महिन्यातल्या धुळीने माखलेल्या गाडीचंही तेच. एक फडकं घेऊन चारही दारांचा खालचा पट्टा आणि दोन्ही बंपरचे कोपरे पुसून घ्या. रात्रीचं विमान असेल तर फोनचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. समोरून मारलेल्या उजेडात जे दिसत नाही ते तिरक्या उजेडात सावलीसकट उठून दिसतं, पोचा असो की पुट्टी भरून रंगवलेला भाग.

व्हिडिओ सलग काढा, तुकड्यातुकड्यांनी नाही. समोरच्या नंबर प्लेटपासून सुरुवात, तोंडाने तारीख आणि वेळ बोलायची, मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फेरी. प्रत्येक चाकापाशी थांबून रिम किंवा व्हीलकॅप घ्यायची. मग खाली बसून पुढच्या बंपरची खालची कड. ही जागा हमखास सुटते आणि नागपुरात हमखास घासलेली असते. सिमेंट रस्त्यांच्या कडा आणि बाजूचे पेव्हर ब्लॉक यांच्यात उंचीचा फरक आहे, गाडी बाजूला घेताना बंपर तिथे टेकतो. काचेवर खड्याची टिचकी आहे का ते बाहेरून बोट फिरवून बघा. उन्हात तापलेल्या काचेवर आतून एसीचा गार झोत लागला की मुगाएवढ्या टिचकीचा वीतभर तडा व्हायला एक दुपार पुरते. अख्ख्या काचेचे पैसे मात्र शेवटच्या गिऱ्हाइकाकडून.

ड्रायव्हरच्या आणि मागच्या डाव्या दाराखालचा पत्राही बघा. खर्रा खाणाऱ्याने खिडकीतून थुंकलेल्याचे डाग तिथे असतात, वाळले की साध्या पाण्याने निघत नाहीत आणि 'क्लीनिंग चार्ज'च्या नावाखाली पुढच्याच्या बिलात चढतात. आत सीट कव्हरवर तर्रीचा लाल डाग असेल तर त्याचाही फोटो. (तुम्ही स्वतः तर्री-पोहे गाडीत बसून खाणार असाल तर आधीच सांगतो, नका खाऊ. तो रंग जात नाही.)

आत बसल्यावर किल्ली 'ऑन'वर फिरवा पण इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवरचे सगळे इशाऱ्याचे दिवे या क्षणी लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर एकेक करून विझले पाहिजेत. एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा विझत नसेल तर ती यंत्रणा बंद आहे. तो दिवा मुळात लागतच नसेल तर जास्त वाईट, कारण कोणीतरी तो जाणूनबुजून काढलेला असू शकतो. या दिव्यांसोबत किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा त्याच व्हिडिओत आला पाहिजे. काटा बघताना गाडी सपाट जागी हवी. उतारावर उभी असली तर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि काटा चुकीचं दाखवतो. हा व्हिडिओ तिथेच, गाडी देणारा समोर असताना, कंपनीच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. वेळेची नोंद दोन्हीकडे होते.

डिकी उघडून स्टेपनी हाताने दाबा. पाना, जॅक आणि तिकोनी परावर्तक आहे का ते बघा. स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर ८० च्या वर जायचं नसतं, तसं तिच्या बाजूवर छापलेलंही असतं. सीएनजी गाडी देऊ करत असतील तर दोन गोष्टी लक्षात घ्या. निम्मी डिकी टाकीने खाल्लेली असते, बॅगा मांडीवर येतात. आणि सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी लागते, तिची तारीख सीएनजी किटच्या पाटीवर असते. जंगलाच्या बाजूला जाणाऱ्याने पेट्रोल किंवा डिझेलचीच घ्यावी.

टायरवर थोडं सविस्तर लिहितो, कारण विदर्भात भाड्याच्या गाडीला सगळ्यात जास्त तिथेच दगा बसतो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३२२ असेल तर २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. पाच-सहा वर्षं झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी उन्हाळ्यात आम्ही नाकारतो, त्याचं रबर कडक झालेलं असतं आणि बाजूला बारीक भेगा दिसतात. नक्षीच्या खाचांमध्ये आडवे उंचवटे असतात. खाच झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा संपली.

हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर असतं, छोट्या गाड्यांना बहुधा ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास. हा आकडा थंड टायरचा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब सुमारे एक पीएसआय वाढतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी पारा ४५ च्या वर असताना सिमेंटच्या रस्त्यावर शंभर किलोमीटर पळालेल्या टायरमध्ये चार-सहा पीएसआय जास्त दिसणारच. इथे लोक चूक करतात. पंपावर मोजतात, 'जास्त झाली' म्हणून हवा काढून टाकतात. मग तो टायर थंड आकड्याच्या हिशेबाने कमी हवेचा होतो, दर फेऱ्याला त्याची बाजू जास्त वाकते, त्या वाकण्याने आणखी तापतो, आणि फुटतो तो कमी हवेमुळे. तापलेल्या टायरची हवा काढायची नाही. सकाळी निघायच्या आधी, गाडी रात्रभर उभी असताना मोजायची.

एसीची परीक्षा चालत्या गाडीत घेऊ नका. सावलीत उभी करून, पंखा पूर्ण वेगावर ठेवून दहा मिनिटं चालू द्या. चालताना गार आणि सिग्नलला कोमट असा एसी असेल तर समोरचा कंडेन्सरचा पंखा फिरत नाही किंवा गॅस कमी आहे. मार्च ते जूनमध्ये अशी गाडी घेऊन कोणी चंद्रपूरला जाऊ नये. कूलंटची पातळी थंड इंजिनवर दोन रेघांच्या मध्ये हवी. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, गाडी देणारा 'बघा, बघा' म्हणाला तरी.

करारातली तीन कलमं वाचलीत तरी पुरे. पहिलं, किलोमीटरची मर्यादा. चोवीस तासांना किती किलोमीटर आणि त्यावर प्रत्येक किलोमीटरला किती, हे बघून हिशेब आधीच मांडा. नागपूर ते चंद्रपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, तिथून ताडोब्याचं मोहर्ली गेट पुढे, सफारीची ने-आण वेगळी. दोन दिवसांत पाचशे सहज होतात. दुसरं, वेग. गाडीत जीपीएस असतो आणि ठरलेल्या वेगाच्या वर गेलं की दर वेळेला दंड, असं कलम बऱ्याच करारांत आहे. समृद्धी महामार्गावर सपाटीला कारसाठी १२० ची मर्यादा असली तरी तुमच्या करारात ती १०० असू शकते. काही गाड्यांचा वेग तर यंत्रानेच ८० ला अडकवलेला असतो. अशी गाडी हातात आली तर समृद्धीवर डावी लेन धरून चालायचं. तिसरं, राज्याची सीमा. तुरिया गेटचं पेंच मध्य प्रदेशात आहे, सिल्लारी आणि खुर्सापार महाराष्ट्रात. तुरियाला जाणार असाल तर गाडीचा परवाना सीमेवरच्या खवासाच्या पुढे चालतो का आणि तिथला कर कोण भरणार, हे लेखी घ्या.

फास्टॅगचं एक नवीन दुखणं आहे. बॅलन्स कमी पडून टॅग काळ्या यादीत गेला असेल तर नाक्यावर उभं राहून घाईने रिचार्ज केलं तरी उपयोग होत नाही. फेब्रुवारी २०२५ पासूनच्या नियमाने टॅग वाचला जाण्याच्या ६० मिनिटं आधीपासून आणि वाचल्यानंतर १० मिनिटं तो काळ्या यादीत असेल तर व्यवहार नाकारला जातो. राष्ट्रीय महामार्गावर नोव्हेंबर २०२५ पासून अशा वेळी यूपीआयने दिले तर सव्वापट टोल. म्हणून बॅलन्स विमानतळावरच विचारा आणि तो मेसेज दाखवायला सांगा. समृद्धीवर टोल बाहेर पडताना, कापलेल्या अंतराप्रमाणे लागतो, एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचे पूर्ण ७०१ किलोमीटर गेलात तर चौदाशेच्या वर होतात. टॅगमध्ये तीनशे रुपये असताना आत शिरणं म्हणजे शेवटच्या फाटकावर मागच्यांचे हॉर्न ऐकत उभं राहणं. टॅगचे मेसेज मालकाच्या फोनवर जातात, तेव्हा कोणत्या नाक्यावर किती वाजता गेलात ते तुम्हीच टिपून ठेवा.

विमानतळाबाहेर पडल्यावर लगेच एक निर्णय घ्यावा लागतो. शहराकडे वळलात की वर्धा रोडवर तीन मजले आहेत, सगळ्यात वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली जुना रस्ता. पुलावर चढलात की थेट अजनी चौकाकडे. छत्रपती चौक, उज्ज्वल नगर, मनीष नगरला उतरायचं असेल तर खालूनच जा. नकाशा सांगणारी बाई पुलावर आहात की पुलाखाली यात कायम गोंधळते. समृद्धीला किंवा पेंचला जायचं असेल तर शहरात शिरूच नका. जामठ्याच्या बाजूला जाऊन बाहेरचा रिंग रोड धरा, हिंगण्याच्या अंगाने समृद्धी, कन्हानच्या अंगाने मनसर आणि पेंच.

ताडोब्याच्या बाबतीत नकाशात नुसतं 'ताडोबा' टाकू नका. सफारीच्या बुकिंगवर जे गेट आहे तेच टाका. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूने, कोलारा उमरेड-भिसी-चिमूरच्या बाजूने, आणि चुकीच्या गेटवर पोचलात तर जंगलाला बाहेरून वळसा घालावा लागतो, तोवर सकाळची फेरी सुटते. पहाटेच्या फेरीसाठी अंधारात निघालात तर उमरेडच्या पुढे रोही (नीलगाय), रानडुक्कर आणि मोकाट गुरं रस्त्यावर असतात, साठ-सत्तरच्या वर जाऊ नका. भाड्याच्या गाडीने गाभा क्षेत्रात जाता येत नाही, ती गेटवर उभी राहते आणि आत जिप्सी नेते. मंगळवारी ताडोब्याचा गाभा बंद असतो, त्या दिवसाचं भाडं फुकट जाऊ नये असं बुकिंग करा.

गाडी मिळणंच अवघड असे काही दिवस आहेत. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन असतं, सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडवलेले असतात आणि चांगल्या गाड्या मंत्र्यांच्या मागे फिरत असतात. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या बाजूची वाहतूक वळवलेली असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे इतवारी-महालात गाडी घालायची नाही. या दिवसांत उतरत असाल तर गाडी विमानतळावरच घ्या, 'आमच्या ऑफिसला येऊन घेऊन जा' याला हो म्हणू नका.

ठोकलं, ठोकून घेतलं, तर आधी माणसं बघा, १०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मग कंपनीला फोन, आणि गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो. समोरच्याशी रस्त्यावर पैशांत मिटवलंत तर विम्याच्या दृष्टीने तो अपघात झालाच नाही, आणि तुमच्या बाजूचा पोचा पूर्ण तुमचा.

परत देताना विमानाच्या चेक-इनच्या किमान पाऊण तास आधी पोचा. टर्मिनलसमोर गाडी उभी करू देत नाहीत, घेणारा पार्किंगमध्ये येणार असेल तर त्या पावतीचे पैसे कोणाचे हे आधी ठरवा. वर्धा रोडवरच्या पंपावर पेट्रोल गाडी घेतानाच्या काट्याइतकं भरा आणि पावती ठेवा. तसाच सलग व्हिडिओ पुन्हा काढा, त्याच क्रमाने, किलोमीटर आणि काट्यासकट. मग किल्ली देण्याआधी 'गाडी मिळाली, नुकसान नाही' एवढा मेसेज कंपनीच्या नंबरवरून मागा. पोट्टा म्हणेल, "ऑफिसमधून येईल नंतर." किल्ली खिशात ठेवून उभे राहा, दोन मिनिटांत येतो.